वाचकांचे प्रश्न : ढिगारा, नाला आणि गाळ

खुल्या कोळसा खाणीतले खोदकाम संपले की ढिगारे उतरते करायचे, खड्डा भरायचा आणि झाडे लावायची, एवढाच पुनर्भरणाचा क्रम बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो. पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, हा प्रश्न पहिल्या मोठ्या पावसानंतर निघतो आणि तोवर उशीर झालेला असतो. वर्धा खोऱ्यातल्या कोळसापट्ट्यातून, म्हणजे वणी, माजरी, भद्रावती, घुग्घुस, राजुरा या बाजूने आणि उमरेडहून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी खाणीत सर्वेक्षण विभागात नवीन आहे. 20 हेक्टरच्या मातीच्या ढिगाऱ्याभोवती गारलँड ड्रेन आखायची आहे. वरिष्ठ म्हणतात, एक मीटर बाय एक मीटर पुरते. हिशेब कसा करायचा?

गारलँड ड्रेन म्हणजे ढिगाऱ्याच्या पायथ्याशी हारासारखी फिरणारी चर. तिचे माप अंदाजाने ठरवू नका, कागदावर काढा. सूत्र सोपे आहे : प्रवाहाचा गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा), पावसाची तासाची तीव्रता मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये यांचा गुणाकार करून 360 ने भागले की घनमीटर प्रति सेकंदात प्रवाह मिळतो. उघड्या चिकणमातीच्या ढिगाऱ्यासाठी गुणांक 0.6 धरा. गवत नीट धरल्यावर तो 0.4 पर्यंत उतरतो, पण आखणी उघड्या ढिगाऱ्याचीच करायची, कारण पहिले दोन-तीन पावसाळे त्याच अवस्थेत काढायचे असतात. तीव्रता उदाहरणापुरती तासाला 75 मिलिमीटर घेऊ. 0.6 गुणिले 75 गुणिले 20, भागिले 360, म्हणजे सेकंदाला 2.5 घनमीटर.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो. दिवसभराचा पाऊस 200 मिलिमीटर आहे म्हणून त्याला 24 ने भागून तासाला 8 मिलिमीटर धरतात. त्या हिशेबाने प्रवाह नऊपटीने कमी निघतो. एवढ्या ढिगाऱ्यावरचे पाणी दहा ते वीस मिनिटांत पायथ्याला पोहोचते. त्यामुळे तेवढ्या वेळातली जोराची सर धरायची, दिवसाची सरासरी नाही. स्वयंनोंदी पर्जन्यमापकाच्या नोंदी हवामान खात्याकडून मिळतात, त्या मागवून घ्या.

पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये चर आणि गाळकुंडाची क्षमता कमाल प्रवाहापेक्षा 50 टक्के जादा ठेवायला सांगितलेली असते. म्हणजे आपला आकडा 3.75 घनमीटर होतो. तळाची रुंदी 1.5 मीटर, बाजूंचा उतार दीडास एक (दीड मीटर आडवे, एक मीटर खाली), तळाचा उतार 400 मीटरला 1 मीटर आणि दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, अशी चर घेतली, तर पाणी 1.05 मीटर खोल वाहताना साधारण 3.9 घनमीटर जाते. वर 30 ते 35 सेंटिमीटर मोकळे ठेवा. चर 1.4 मीटर खोल आणि माथ्याला 5.7 मीटर रुंद झाली. एक बाय एकची चर का तुंबते, ते आता लक्षात येईल.

या चरीत पाण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर आहे. उघडी काळी माती एवढा वेग सोसत नाही, तिला 0.6 ते 0.9 च्या आत ठेवावे लागते. म्हणून पिचिंग हवेच. पण काळ्या मातीवर थेट काँक्रीट ओतू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन वर्षांत अस्तराच्या लाद्या होतात. त्या फटींतून पाणी मागे शिरले की अख्खे अस्तर सरकते. काळी माती काढून निदान अर्धा मीटर मुरूम दाबून घ्यावा आणि त्यावर सुटा दगड बसवावा. सुटा दगड जमिनीबरोबर हलतो, तुटत नाही.

आणखी एक. चर ढिगाऱ्याच्या अगदी पायाशी खोदू नका. आधी दगडी पायभिंत, मग चार-पाच मीटर मोकळी वाट, मग चर. ती वाट गाळ काढणाऱ्या जेसीबीसाठी आहे. वाट नसेल तर गाळ निघत नाही, आणि पहिल्याच घसरणीत माती थेट चरीत येते.

प्रश्न : आमच्या गावालगतचा नाला खाणीसाठी वळवला. नवा नाला सरळ आणि रुंद आहे, दिसायलाही चांगला आहे. तरी दर पावसाळ्यात काठ ढासळतात, आणि वर्धेला पूर आला की पाणी उलटे येऊन शेतांत गाळ बसतो. दोष कुठे आहे? (ग्रामपंचायत सदस्य, वणी तालुका)

तुमच्या पत्रातल्या ‘सरळ’ या शब्दातच निम्मे उत्तर आहे. समजा जुना नाला वळणे घेत 1,200 मीटर जात होता आणि तेवढ्यात 3 मीटर उतरत होता. उतार 400 ला 1. तोच नाला सरळ करून 800 मीटरचा केला. उतरायचे तेवढेच, 3 मीटर. उतार 267 ला 1 झाला आणि वेग जवळजवळ सव्वापट वाढला. वेग वाढला की पाणी तळ खरवडते, तळ खाली गेला की काठ उघडा पडून ढासळतो. खरवड तिथेच थांबत नाही, ती नाल्यात वरच्या दिशेने चढत जाते. वरच्या गावातला रपटा अचानक हवेत लोंबकळायला लागतो, त्याचे मूळ अनेकदा खाली सरळ केलेल्या नाल्यात असते.

उपाय दोन. जागा असेल तर वळणे परत द्या, लांबी परत द्या. जागा नसेल तर जादा उतार पायऱ्यांत खर्च करा. वरच्या उदाहरणात 800 मीटरला 400 ला 1 या उताराने 2 मीटर उतरतील. उरलेला 1 मीटर अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या दोन दगडी धबधब्यांत उतरवायचा. प्रत्येक पायरीखाली चार-पाच मीटर दगडी फरशी हवी, आणि पायरीची दोन्ही टोके काठात दीड-दोन मीटर आत घुसलेली हवीत. पायऱ्या मधून फुटत नाहीत, बाजूने पाणी फिरून फुटतात.

रुंदीचेही तसेच आहे. एकच सपाट, रुंद तळ ठेवला की हिवाळ्यातले थोडे पाणी पसरते, गाळ टाकते, त्यावर बेशरम आणि पाणकणीस माजते. पुढच्या पुराला जागाच राहत नाही. नैसर्गिक नाल्यात नेहमीच्या पाण्याची अरुंद घळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पुराची पसरट पायरी. खोदताना हाच दुहेरी आकार द्यायचा असतो. तो देण्यासाठी जुना नाला बुजवण्याआधी त्याची मोजणी हवी : काठोकाठ भरल्यावरची रुंदी, तळाचा उतार, वळणांची लांबी, तळातल्या दगडगोट्यांचा आकार. वरच्या आणि खालच्या अंगाला अर्धा-अर्धा किलोमीटर मोजले तरी पुरते. नाला बुजल्यावर ही माहिती कुठल्याही पैशाने परत मिळत नाही.

आता उलट्या पाण्याचे. वर्धेला पूर असतो तेव्हा नाल्याचे तोंड दाबले जाते. नाल्याची आखणी नुसत्या उतारावर केली आणि नदीची पूरपातळी धरलीच नाही, तर कागदावर पाणी जाते आणि प्रत्यक्षात मागे तुंबते. तुंबलेले पाणी थांबले की त्यातला गाळ खाली बसतो, तुमच्या शेतात बसतो तो हाच. 2022 च्या जुलै-ऑगस्टमध्ये वर्धेचे पाणी कुठवर आले होते, त्याच्या खुणा भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर अजून सापडतील. तलाठ्याला बरोबर घेऊन त्या खुणांची उंची लेव्हल मशीनने मोजून घ्या आणि पंचनाम्यात लिहून घ्या. नाल्याच्या संगमापासून ते तुमच्या शेतापर्यंतचा तळाचा छेदही मागा. संगमाजवळ काठावर मातीचे ढिगारे असतील तर त्यांचे अंतरही मोजा, कारण पूर पसरायची जागा ढिगाऱ्याने घेतली की तेवढेच पाणी उंच चढते. मागणी ‘नाला दुरुस्त करा’ अशी मोघम करू नका. ‘नदीची पूरपातळी धरून फेरआखणी, दगडी पायऱ्या आणि पुराची पसरट पायरी’ अशी नेमकी करा. प्रत जलसंपदा विभागाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाला द्या.

पुढे कुठे नाला वळवला जाणार असेल, तर कामाचा क्रम लक्षात ठेवा. नवा नाला कोरडा असताना, खालून वर खोदायचा, दोन्ही टोकांना मातीचे बुच तसेच ठेवून. काठांवर गवत धरण्यासाठी एक पावसाळा जाऊ द्यायचा. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये आधी खालचे बुच काढायचे, नंतर वरचे. आणि जुन्या नाल्याच्या तोंडाशी बांध घालताना नुसती माती लोटायची नाही. जुन्या तळाखाली वाळू असते, ती पाण्याची भूमिगत वाट असते. वाळू पूर्ण खणून, खालच्या चिकणमातीत किंवा खडकात पाया नेऊन, 20 ते 25 सेंटिमीटरच्या थरांनी चिकणमाती दाबत भिंत वर आणायची. ही भिंत चुकवली की नाला वरून वळतो आणि खालून खाणीच्या कड्यात झिरपत राहतो. खाणीत काम चालू असेल तर हा जिवाशी खेळ आहे.

प्रश्न : खाणीबाहेर तीन गाळकुंडे आहेत, तरी ओढ्याचे पाणी चहासारखे येते. विचारले तर ‘कुंडे आहेत ना’ असे सांगतात. (शेतकरी, भद्रावती तालुका)

कुंड असणे आणि कुंड पुरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आधी घरी एक परीक्षा करा. पारदर्शक बाटलीत ते पाणी भरा, हलवा, खिडकीत ठेवा. तासाभरात तळाशी जाड थर बसून वरचे पाणी बऱ्यापैकी नितळले, तर कण मोठे आहेत आणि कुंड लहान पडते आहे किंवा गाळाने भरले आहे. दुसऱ्या दिवशीही बाटली तशीच गढूळ असेल, तर ती बारीक चिकणमाती आहे, आणि तिला कुंड कितीही मोठे केले तरी पुरणार नाही.

कारण असे. 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला पाऊण तास घेतो. 2 मायक्रॉनच्या कणाला त्यासाठी तीन दिवसांहून अधिक लागतात. कण दहापट लहान झाला की वेग शंभरपट घटतो. कुंडाचे काम खोलीवर कमी आणि पृष्ठभागावर जास्त अवलंबून असते. 10 बाय 5 मीटरचे कुंड 20 मायक्रॉनचे कण पकडत सेकंदाला फार तर 18 लिटर पाणी हाताळते. वर काढलेल्या 20 हेक्टरच्या ढिगाऱ्यावरून जोराच्या सरीत सेकंदाला 2,500 लिटर येतात. त्यांच्यासाठी पावणेदोन एकरांचा तलाव लागेल. म्हणून गाळ ढिगाऱ्यावरच अडवणे स्वस्त पडते. कुंड हा शेवटचा पहारेकरी आहे, एकटा नाही.

पाहणीला गेलात तर चार गोष्टी बघा. पाणी शिरायची आणि निघायची जागा समोरासमोरच्या टोकांना आहे का? दोन्ही जवळ असतील तर पाणी कोपऱ्यातून सरळ निघून जाते. लांबी रुंदीच्या निदान तिप्पट आहे का? गाळासाठीची खोली निम्मी भरल्यावर कुंड उपसले जाते का? आणि उपसलेला गाळ काठावरच टाकला आहे का? तसे असेल तर पुढच्या सरीत तो परत आत येतो.

बारीक चिकणमातीसाठी तुरटी लागते. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम तुरटी विरघळवा. या द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे एक लिटर गढूळ पाण्याला 10 मिलिग्रॅम. सहा बरण्यांत एकपासून सहा मिलिलिटर घालून ढवळा, अर्धा तास ठेवा आणि जिथे कमीत कमी तुरटीत पाणी नितळते ती मात्रा धरा. ही चाचणी दर पावसाळ्यात नव्याने करावी लागते, कारण ढिगाऱ्यावरची माती बदलते. तुरटीने सामू (पीएच) उतरतो, तोही मोजा.

कोळसा खाणींच्या सांडपाण्यासाठी 2000 साली आलेल्या मानकांत तरंगत्या कणांची मर्यादा लिटरला 100 मिलिग्रॅम आणि सामू 5.5 ते 9 असा आहे. चहासारखे पाणी ही मर्यादा कितीतरी ओलांडते. तक्रार करताना तारीख, वेळ, पाऊस चालू होता की थांबून किती वेळ झाला, हे लिहा. त्याशिवाय नमुन्याला अर्थ राहत नाही.

प्रश्न : ढिगाऱ्याच्या उतारावर दरवर्षी रोपे लावतो, दरवर्षी घळी पडून निम्मी वाहून जातात. कोणती झाडे लावावीत? (वृक्षलागवडीचे ठेकेदार, उमरेड)

झाड बदलून हा प्रश्न सुटणार नाही. घळ खाली दिसते, पण तिचा जन्म वर, ढिगाऱ्याच्या माथ्यावर होतो. माथ्यावरचे पाणी कडेवरून सुटत असेल तर कुठलेही मूळ त्याला धरू शकत नाही. आधी माथ्याच्या कडेला अर्धा-पाऊण मीटर उंचीचा बांध घाला आणि माथ्याचा उतार आतल्या बाजूला करा. प्रत्येक पायरीचा उतारही आत, ढिगाऱ्याकडे, साधारण 40 ला 1 असा असावा. आतल्या कडेला चर, ती 200 ला 1 उताराने उतरत्या पन्हाळीकडे जाते. पन्हाळी 60 ते 100 मीटरवर एक. ढिगाऱ्याचा एकूण कोन 28 अंशांपेक्षा जास्त नसावा, ही अट आहेच.

पन्हाळी काँक्रीटची केली तर ढिगारा बसताना ती मोडते. गॅबियनच्या, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरलेल्या पेट्यांच्या, पायऱ्या कराव्यात : 10 बाय 12 सेंटिमीटरची जाळी, 2.7 मिलिमीटरची जस्ती तार, 15 ते 25 सेंटिमीटरचा दगड, आणि खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देऊन माती अडवणारे कापड. खालचे कापड वाचवले की दगडांच्या फटींतून माती निघून जाते आणि गॅबियन पोकळीवर लटकतो. पन्हाळीचे सगळ्यात नाजूक ठिकाण तिचे वरचे तोंड. तिथे पाणी बाजूने निसटले की शेजारी नवी घळ पडते. तोंड पसरट ठेवा, दोन्ही बाजूंना मातीचे पंख द्या.

कधी कधी पृष्ठभागावर काही दिसत नाही आणि अचानक भोक पडते, आत बोगदा निघतो. मातीचे सुपारीएवढे ढेकूळ डिस्टिल्ड पाण्याच्या पेल्यात अलगद सोडा, हलवू नका. ढेकूळ नुसते विस्कटून खाली बसले तर ठीक. त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरायला लागला तर ती माती पाण्यात विरघळल्यासारखी वाहते. अशी माती वरच्या थरात वापरू नका, किंवा प्रयोगशाळेतून सोडियमचे प्रमाण पाहून जिप्सम मिसळा.

एवढे झाल्यावर झाडांकडे या. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर आधी गवत : वाळा समपातळीत 10 ते 15 सेंटिमीटरवर एक रोप, मध्ये स्टायलो हा शेंगवर्गीय चारा. पुढच्या वर्षी बांबू, करंज, शिसू. गवताआधी झाडे लावू नका.

प्रश्न : खड्डा भरल्यावर त्यावरून कायमचा नाला नेता येतो का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बल्लारपूर)

येतो, पण भराव म्हणजे जमीन नव्हे, हे पक्के धरून. डंपरने ओतलेला सैल भराव पहिल्यांदा खोलवर भिजतो तेव्हा सगळ्यात जास्त बसतो. 40 मीटरचा भराव 2 टक्केच बसला तरी 80 सेंटिमीटर. 400 ला 1 उताराची चर 200 मीटरमध्ये फक्त 50 सेंटिमीटर उतरते. म्हणजे मधला भाग बसला तर चर उलटी वाहायला लागेल, तिथे डबके होईल, डबक्यातून पाणी भरावात मुरेल आणि भराव आणखी बसेल. म्हणून कायमचा नाला शक्यतो न खोदलेल्या पट्ट्यावरून किंवा भराव सगळ्यात उथळ असेल तिथून न्यावा. भरावावरून न्यावाच लागला तर दोन-तीन पावसाळे कच्ची चर चालवा, दर उन्हाळ्यात लेव्हल घ्या, बसणे थांबत आल्यावर पक्के काम करा. तळाखाली 20 सेंटिमीटरच्या तीन थरांत दाबलेली चिकणमाती, वर 30 सेंटिमीटर दगडगोटे.

दगड केवढा, हे वेगावरून ठरते. सेकंदाला 3 मीटर वेगाला शांत प्रवाहात सुमारे 20 सेंटिमीटरचा दगड टिकतो. पायरीखाली, जिथे पाणी उसळते, तिथे 38 सेंटिमीटरचा लागतो. एकच माप सगळीकडे टाकल्याने पायरीखालचे दगड पहिल्याच पुरात खाली गेलेले दिसतात.

किती मोठा पूर धरायचा? अमेरिकेत 1977 च्या खाण पुनर्भरण कायद्याखालच्या नियमांत वाहत्या नाल्याच्या कायम वळणासाठी शंभर वर्षांतून एकदा येणारा सहा तासांचा पाऊस धरतात, तात्पुरत्या वळणासाठी दहा वर्षांतला. तात्पुरते आणि कायमचे यात केलेला हा फरक आपल्याकडच्या आखणीतही स्पष्ट लिहिला जावा, असे आमचे ठाम मत आहे. ‘तात्पुरत्या’ चरी खाण बंद झाल्यावरही तशाच राहतात.

आकाराबद्दल न्यू मेक्सिकोतल्या ला प्लाटा कोळसा खाणीचे काम अभ्यासा. तिथे सपाट माथा आणि सरळ कडा सोडून निसर्गातल्यासारख्या टेकड्या आणि ओहोळ घडवले. नैसर्गिक ओहोळ उगमाशी तीव्र आणि खाली सपाट होत जातो, कारण खाली पाणी वाढते. आपला ढिगारा नेमका उलटा असतो : वर सपाट, खाली कडा. पाणी जास्तीत जास्त जमा होते तिथेच उतार सगळ्यात तीव्र.

प्रश्न : चरीतल्या दगडांवर तांबूस साका दिसतो. पाणी आम्लधर्मी आहे का? (घुग्घुस)

साका लोहाचा आहे, पण त्यावरून आम्लता ठरत नाही. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांसारखी तीव्र आम्लता आपल्या भागात नेहमीची नाही, इथे जडपणा आणि सल्फेट जास्त आढळतात. सामूची पट्टी बुडवून बघा. 6 च्या खाली आला तर प्रयोगशाळेत लोह, मँगनीज आणि सल्फेट तपासा. चुनखडीची चर उपयोगी पडते, मात्र चुनखडीवर लोहाचा लेप बसला की तिचे काम मंदावते. उतार तीव्र ठेवला तर लेप धुऊन निघतो.

प्रश्न : उरलेल्या खड्ड्याचा तलाव करून मासेमारीसाठी देणार आहेत. आम्ही काय मागावे? (मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद, राजुरा तालुका)

तीन गोष्टी मागा. सांडवा न खोदलेल्या मूळ जमिनीत कापलेला हवा, भरावात नाही. भरावातला सांडवा एकदा खरवडायला लागला की तलाव फोडूनच थांबतो. दुसरे, नाला तलावात शिरतो त्या ठिकाणी कड्याच्या पूर्ण उंचीपर्यंत दगडी पायऱ्या. तलाव भरायला अनेक वर्षे लागतात. तोवर पाणी वीस-तीस मीटर खोल कोसळते आणि कडा खात मागे सरकते. तिसरे तुमच्या रोजच्या कामाचे : अंतिम पाणीपातळीच्या दोन मीटर वरपासून तीन मीटर खालपर्यंत चार किंवा पाचास एक असा हलका उतार, निदान नावा लागतात आणि जनावरे उतरतात त्या बाजूला. खाणीचा कडा सरळ खाली जातो. पाय घसरलेल्या माणसाला धरायला तिथे काही नसते. हा उतार पाणी चढण्याआधीच कापून घ्यायला लावा. तो भाग एकदा पाण्याखाली गेला की तिथे यंत्र उतरवता येत नाही.